आलेखातली उडी प्रदूषणाची नव्हे, मोजणीची

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चीनच्या पर्यावरण धोरणावर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाने कष्ट घेतले आहेत, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत चिनी शहरांची हवा सुधारली हा त्यांचा मूळ मुद्दा खराही आहे. परंतु लेखासोबतच्या आलेखात आणि त्यावरून काढलेल्या निष्कर्षात एक अशी चूक आहे, की ती दुरुस्त केल्याशिवाय चीनकडून जे शिकण्यासारखे आहे तेच नेमके हातून निसटते. आलेखात चिनी शहरांतील 'पीएम १०' या धूलिकणांची पातळी २००८ पासून आजपर्यंत एकाच अखंड रेषेने दाखवली आहे. ही रेषा २०१३ च्या सुमारास एकदम वर उसळते आणि मग पायरीपायरीने उतरते. लेखकाच्या मते त्या सुमारास प्रदूषणाने कळस गाठला, बीजिंगमधून हुकूम सुटला आणि हुकमाची अंमलबजावणी होताच हवा निवळू लागली. आपल्याकडच्या लोकशाहीत हे घडणे अवघड, असा शेराही त्यापाठोपाठ येतो. मी महाविद्यालयात तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर चीनच्या अर्थव्यवस्थेवरील संशोधन वाचण्याची सवय लागली, ती एवढ्यासाठीच, की मोजणारा बदलला की आकडा कसा बदलतो याची इतकी चांगली उदाहरणे मला दुसरीकडे कुठे सापडली नाहीत.

२०१३ पूर्वी चिनी शहरांतली हवा मोजण्याचे आणि तिचे आकडे वर कळवण्याचे काम त्या त्या शहराच्या पर्यावरण कार्यालयाकडे होते. त्या कार्यालयाचा पैसा आणि तिथल्या नेमणुका शहर प्रशासनाच्या हातात होत्या, आणि शहराच्या प्रमुखाचे मूल्यमापन ज्या आकड्यांवरून होई त्यांत हवेचा आकडाही होता. म्हणजे परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा यांची चूल एकच होती. जानेवारी २०१३ पासून मध्यवर्ती सरकारने स्वयंचलित मापनयंत्रे बसवून त्यांचे तासातासाचे आकडे थेट बीजिंगला जातील आणि त्याच वेळी लोकांनाही दिसतील अशी व्यवस्था सुरू केली. पहिल्या टप्प्यात ७४ शहरे आली, उरलेली पुढच्या दोन वर्षांत आली. सगळी शहरे एकाच दिवशी आली असती तर यंत्राचा परिणाम कोणता आणि त्या वर्षीच्या हवामानाचा कोणता, हे सांगणे कठीण झाले असते. टप्प्यांमुळे ते सोपे झाले. ज्या शहराची पाळी आधी आली त्याचा आकडा आधी उसळला. ज्याची नंतर आली त्याचा नंतर. मायकेल ग्रीनस्टोन, हे गुओजुन, जिया रुईश्वे आणि लिऊ तोंग या चौघा अर्थशास्त्रज्ञांनी ही उसळी मोजली, तेव्हा यंत्र जोडले जाताच 'पीएम १०' ची नोंदवलेली पातळी सुमारे ३५ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. उपग्रहावरून त्याच शहरांवरील हवेचा धुरकटपणा पाहिला, तर त्यात तशी कोणतीही उडी नव्हती. हवा कालच्यासारखीच होती, नोंदवहीतली लबाडी तेवढी थांबली होती. आपल्या आलेखातली उडी बव्हंशी ही आहे. याच संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली: खरे आकडे दिसू लागल्यावर त्या शहरांतले लोक इंटरनेटवर मुखपट्ट्या आणि हवा गाळणारी यंत्रे अधिक शोधू लागले. याचा अर्थ, आधीच्या खोट्या आकड्यांवर विसंबून कितीतरी लोकांनी स्वतःला जपले नव्हते.

या संशोधनाआधीही शंका घ्यायला जागा होती. चीनमध्ये हवेच्या जुन्या निर्देशांकाने शंभरी गाठली तरी दिवस 'निळ्या आभाळाचा' धरला जाई. १०१ झाला की तो दिवस हुकला. २००८ साली, बीजिंग ऑलिंपिकच्या वर्षी, स्टीव्हन अँड्र्यूज यांनी दाखवले की राजधानीत ९६ ते १०० या पट्टीत येणारे दिवस संशयास्पद संख्येने जास्त आहेत आणि शंभरीच्या पलीकडचे तितकेच कमी. शिवाय मोजणीची ठिकाणेही मध्यंतरी बदलली गेली होती. पुढे दालिया घनेम आणि झांग जुनजिए यांनी २००१ ते २०१० या काळातले अनेक शहरांचे दैनिक आकडे तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्या शहरांच्या नोंदींत शंभरीपाशी अशीच खाच दिसली. निसर्गात शंभर या संख्येला काही महत्त्व नाही. ढग, वारा, कोळसा यांना ती ठाऊकही नसते. आकड्यांची रास तिथेच तुटत असेल, तर ती तोडणारा हात माणसाचा असतो. ज्या वाचकांनी पीक पैसेवारीचे राजकारण जवळून पाहिले आहे, त्यांना ४९ आणि ५१ पैशांतला फरक काय असतो हे मी सांगायला नको.

या सगळ्या काळात एक परका साक्षीदार मात्र बीजिंगमध्येच बसला होता. अमेरिकी वकिलातीने २००८ पासून आपल्या आवारात 'पीएम २.५', म्हणजे 'पीएम १०' हूनही बारीक धूलिकण, मोजणारे यंत्र ठेवले होते आणि त्याचे आकडे ती आपोआप ट्विटरवर टाकत असे. नोव्हेंबर २०१० मध्ये निर्देशांक पाचशेची मर्यादा ओलांडून गेला, तेव्हा त्या यंत्रणेने हवेचे वर्णन 'भयंकर वाईट' अशा अर्थाच्या, मुत्सद्देगिरीत न बसणाऱ्या शब्दांत केले. एका आज्ञावली लिहिणाऱ्याचा तो विनोद होता आणि तो लगेच काढून टाकण्यात आला. पण बीजिंगच्या नागरिकांनी तो वाचला होता. जानेवारी २०१३ मधल्या काळवंडलेल्या आठवड्यांत सरकारी आकडा आणि वकिलातीचा आकडा लोक शेजारी शेजारी ठेवून पाहत होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातली हवाविषयक कृती योजना आणि मार्च २०१४ मध्ये पंतप्रधान ली केकियांग यांनी प्रदूषणाविरुद्ध पुकारलेले युद्ध या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

आता 'हुकूम सुटला' या मुद्द्याकडे येतो. हुकूम यापूर्वी सुटला नव्हता असे नाही. दहाव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २००१ ते २००५ या काळात, गंधक डायऑक्साइडचे उत्सर्जन १० टक्क्यांनी घटवायचे उद्दिष्ट बीजिंगनेच ठरवले होते. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा उत्सर्जन सुमारे २८ टक्क्यांनी वाढलेले होते. सरकार तेच, पक्ष तोच, शिस्तही तीच. बीजिंगहून निघालेला आदेश प्रांत, शहर, तालुका असा खाली उतरताना प्रत्येक पायरीवर ज्या माणसाच्या हातात पडतो, त्याला बढती कशाने मिळते यावर त्या आदेशाचे भवितव्य ठरते. अकराव्या योजनेत हेच उद्दिष्ट अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनाला बांधण्यात आले, आणि तेव्हा ते पारही पडले.

पण बांधले की सुटले, इतके ते सोपेही नाही. लेखणी हातातून काढून घेतल्यावर काही अधिकाऱ्यांचे हात यंत्राकडे वळले. शिआन शहरात २०१६ मध्ये पर्यावरण कार्यालयातल्याच माणसांनी मापनयंत्राच्या हवा ओढणाऱ्या तोंडात कापसाचे सूत कोंबले, म्हणजे धूळ गाळून मगच आत जाईल. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवास झाला. शान्शी प्रांतातील लिनफेन या कोळशाच्या शहरात सहा केंद्रांवरच्या यंत्रांशी जवळजवळ वर्षभर वारंवार छेडछाड होत राहिली आणि २०१८ मध्ये १६ जणांना शिक्षा झाली. निंगशिया भागातील शिझुइशान येथे जानेवारी २०१८ मध्ये जे घडले त्यात तर फार्सच आहे. हवेतली धूळ बसावी म्हणून पाण्याचे तुषार उडवणाऱ्या गाड्या एका इमारतीभोवती कडाक्याच्या थंडीत इतक्या फिरल्या, की अख्खी इमारत बर्फाने मढली. इमारत पर्यावरण कार्यालयाची होती आणि तिथेच मापनयंत्र होते.

यंत्र बसवले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांनी वीजकेंद्रांवरचे एक संशोधनही पाहावे. २०१४ मध्ये कोळशावरील वीजकेंद्रांसाठी गंधक डायऑक्साइडची मर्यादा कडक करण्यात आली. व्हॅलरी कार्प्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुराड्यांवर बसवलेल्या यंत्रांचे आकडे आणि नासाच्या उपग्रहाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. बहुतेक ठिकाणी दोघांनी घट दाखवली आणि ती जुळली. पण ज्या प्रमुख प्रदेशांत नियम सर्वांत कडक होते, तिथे धुराड्यावरच्या यंत्राने दाखवलेली घट उपग्रहाला दिसली नाही. मोजणाऱ्यावर दबाव जिथे सर्वाधिक, तिथेच मोजणी सर्वांत कमी भरवशाची.

मला स्वतःला या सगळ्या साहित्यात सर्वांत आवडते ते नद्यांवरचे काम. हे गुओजुन, वांग शाओदा आणि झांग बिंग यांनी ते केले आहे. पाण्याची प्रत मोजणारी सरकारी केंद्रे चीनमध्ये नद्यांच्या काठी ठिकठिकाणी आहेत, आणि २००३ नंतर त्यांच्या आकड्यांना राजकीय वजन आले. आता नदी एकाच दिशेने वाहते. केंद्राच्या किंचित वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याचे सांडपाणी केंद्राच्या नोंदीत उतरते. किंचित खालच्या अंगाच्या कारखान्याचे उतरत नाही. दोन्ही कारखाने जवळजवळ एकाच गावातले, त्यांचा कच्चा माल, मजूर आणि बाजारपेठही सारखी. संशोधकांना आढळले, की प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत वरच्या अंगाच्या कारखान्यांची उत्पादकता खालच्यांच्या तुलनेत २४ टक्क्यांहून अधिक घटली, कारण शुद्धीकरणाचा सारा तगादा त्यांच्याच मागे लागला. खालच्यांना कोणी फारसे विचारत नव्हते. हे समजून घेताना एक धोका टाळायला हवा. इथे आकडा खोटा नाही. केंद्राने जे मोजले ते खरेच होते, त्या ठिकाणचे पाणी खरेच सुधारले होते. तरीही त्या आकड्यावरून नदी स्वच्छ झाली असे म्हणणे चूक ठरले असते, कारण अधिकाऱ्याने नदीऐवजी केंद्राची काळजी घेतली होती. प्रांताच्या सीमेवर याचे भावंड सापडते: पाण्यात घाण सोडणारे उद्योग प्रांताच्या अगदी शेवटच्या, सर्वांत खालच्या तालुक्यात अधिक वाढलेले दिसतात, म्हणजे घाण वाहून जाते ती शेजारच्या प्रांतात.

वरून आलेला हुकूम तंतोतंत पाळला गेल्याचीही उदाहरणे आहेत, आणि ती काही सुखाची नाहीत. ह्वाई नदी आणि छिनलिंग पर्वतरांग यांना जोडणारी एक रेषा चीनच्या नकाशावर आहे. नियोजनाच्या सुरुवातीच्या काळात सरकारने ठरवले, की या रेषेच्या उत्तरेकडील शहरांत हिवाळ्यात घरे तापवण्यासाठी बंबांना लागणारा कोळसा फुकट मिळेल. दक्षिणेला ही सोय नाही, कारण तेवढा पैसा नव्हता. हेतू चांगला होता. रेषेच्या उत्तरेचे घर उबदार झाले आणि आभाळ काळे झाले. चेन युयू, ली होंगबिन, एब्नस्टाइन आणि ग्रीनस्टोन यांनी २०१३ मध्ये या रेषेच्या दोन्ही बाजूंची तुलना करून म्हटले, की उत्तरेकडे धूलिकण सुमारे ५५ टक्के अधिक असून अपेक्षित आयुर्मान साडेपाच वर्षांनी कमी आहे. गावाबाहेर जाऊन कायमचे राहण्यावर तिथे निर्बंध असल्यामुळे माणसे बहुधा जन्मली तिथेच राहिली होती, म्हणून ही तुलना करता आली. या साडेपाच वर्षांच्या आकड्यावर संख्याशास्त्रज्ञांनी टीका केली; रेषेच्या दोन्ही बाजूंना जो गणिती वक्र बसवला होता तो फार लवचीक असून उडी फुगवतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मलाही ते पटते. २०१७ मध्ये नव्या, अधिक चांगल्या आकड्यांवर हेच काम पुन्हा झाले तेव्हा फरक ३.१ वर्षांचा निघाला. साडेपाचाचे तीन झाले म्हणून कोणी या संशोधनाला हसण्याचे कारण नाही, कारण तीन वर्षांचे आयुष्यही थोडे नव्हे.

त्याच २०१७ च्या हिवाळ्यात उलट्या दिशेचा हुकूमही तसाच अक्षरशः पाळला गेला. राजधानीभोवतीच्या प्रदेशात कोळशाच्या शेगड्या काढून गॅस बसवायचा होता. हेबेई प्रांतातल्या छूयांग तालुक्यात शेगड्या निघाल्या, पण गॅस काही पोहोचला नाही, आणि गारठलेल्या वर्गांतून उठून प्राथमिक शाळेतली मुले उन्हात बसून धडे गिरवू लागली. बातमी पसरल्यावर डिसेंबरात मंत्रालयाला, जिथे गॅस नाही तिथे कोळसा चालू द्या, असे सांगावे लागले. काढलेल्या शेगड्या मोजता येतात आणि त्यांचा आकडा वर कळवता येतो. वर्गातली थंडी कोणत्याच रकान्यात बसत नाही.

हा स्थानिक अधिकारी असा का वागतो, हे पैशाच्या वाटेने गेल्याशिवाय कळत नाही. १९९३ मध्ये चीनच्या एकूण सरकारी महसुलातला मध्यवर्ती सरकारचा वाटा २२ टक्के होता. १९९४ च्या करसुधारणेने तो एका वर्षात ५५ टक्क्यांच्या वर गेला. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा खर्च मात्र बराचसा खालीच राहिला, आणि नव्या अर्थसंकल्प कायद्याने स्थानिक सरकारांना थेट कर्ज घेण्यास मनाई केली. उत्पन्न कमी, जबाबदारी तीच आणि कर्जाला बंदी, अशा कोंडीत सापडलेल्या शहरांनी दोन वाटा शोधल्या. एक, शेतकऱ्यांकडून स्वस्तात घेतलेली जमीन बांधकाम कंपन्यांना महाग विकणे. दुसरी, शहराच्या मालकीची कंपनी काढून तिच्या नावाने कर्ज घेणे. २००८ च्या जागतिक मंदीत चीनने चार लाख कोटी युआनचा जो गाजलेला कार्यक्रम जाहीर केला, त्यात मध्यवर्ती सरकारचा स्वतःचा पैसा १.१८ लाख कोटींचाच होता. बाकीचा उभा करण्यासाठी या कंपन्यांना मोकळे रान मिळाले. जमीनविक्रीचे उत्पन्न २०२१ मध्ये ८.७ लाख कोटी युआनवर गेले आणि घरबांधणीचा फुगा बसल्यावर २०२४ मध्ये पाच लाख कोटींच्याही खाली आले. हुआंग यी, मार्को पागानो आणि उगो पानिझ्झा यांचा निष्कर्ष असा, की ज्या शहरात स्थानिक सरकारचे कर्ज जास्त, तिथल्या खासगी कारखान्यांची गुंतवणूक कमी झाली. सरकारी कारखान्यांना मात्र झळ बसली नाही. बँक तीच आणि ठेवीही त्याच, तेव्हा पंगतीला जो आधी बसला तो जेवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने, २०२३ अखेर स्थानिक सरकारांचे छुपे कर्ज १४.३ लाख कोटी युआन असल्याचे सांगून ते फेडण्यासाठी १० लाख कोटींची योजना मांडली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या कंपन्यांच्या कर्जाचा जो अंदाज देतो, तो याच्या कित्येक पट आहे. इथेही भांडण खरे-खोटे असे नसून कोणते कर्ज कोणाच्या वहीत धरायचे याचे आहे.

वाढीच्या दराविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात, एक भारावलेले आणि दुसरे सारेच आकडे खोटे म्हणणारे. संशोधनात दोघांनाही आधार नाही. प्रांतांनी कळवलेल्या उत्पादनाची बेरीज राष्ट्रीय उत्पादनापेक्षा जास्त भरते, हे चीनच्या सांख्यिकी विभागाला माहीत होते आणि तो विभाग स्वतःच ती कापत असे. जानेवारी २०१७ मध्ये लिआओनिंग प्रांताच्या गव्हर्नरांनी, २०११ ते २०१४ या काळातले आमचे महसुलाचे आकडे फुगवलेले होते, असे जाहीर सांगितले. चेन वेई, चेन शिलू, चांग-ताई शिए आणि साँग झेंग यांनी मूल्यवर्धित कराच्या नोंदी वापरून २०१९ मध्ये मांडले, की २००८ नंतर ही कापाकापी पुरेशी झाली नाही आणि २००८ ते २०१६ या काळात राष्ट्रीय वाढ दरवर्षी सुमारे १.७ टक्के बिंदूंनी जास्त दाखवली गेली. त्यांनी करांच्या नोंदी का घेतल्या, हे महत्त्वाचे आहे: वाढ फुगवली तर बढती मिळते, पण विक्री फुगवली तर कर भरावा लागतो. दुसऱ्या बाजूला, रात्रीच्या दिव्यांच्या उपग्रह-छायाचित्रांवरून काम करणाऱ्या तिघा संशोधकांना चीनची वाढ सरकारी आकड्यांपेक्षाही थोडी अधिक असावी असे वाटले. मला पहिला निष्कर्ष अधिक पटतो, कारण दिव्यांपेक्षा करांचा माग अधिक जवळचा आहे. परंतु प्रश्न मिटलेला नाही.

व्यापारातही तोच नियम चालतो, एवढे सांगून पुढे जातो. हाँगकाँगने चीनला किती माल पाठवला याची नोंद हाँगकाँग ठेवते, आणि तोच माल चीनमध्ये उतरला याची नोंद चीन ठेवतो. रेमंड फिसमन आणि वेई शांगजिन यांनी २००४ मध्ये या दोन वह्या वस्तुगणिक ताडल्या, तेव्हा ज्या वस्तूवर कर एक टक्का बिंदूने जास्त, तिच्या दोन वह्यांतल्या नोंदींमधली तूट सुमारे तीन टक्क्यांनी जास्त निघाली. माल हवेत विरला नव्हता. जकातीच्या कागदावर तो कमी कराची दुसरी वस्तू होऊन उतरला होता.

उद्योगधोरणाचे उदाहरणही आपल्या लेखात ओझरते आले आहे, म्हणून जहाजबांधणीचा उल्लेख करतो. २००६ नंतरच्या काही वर्षांत चीनने या उद्योगात प्रचंड अनुदाने ओतली आणि जगातल्या जहाजबांधणीतला त्याचा वाटा झपाट्याने वाढला. तो आकडा खरा आहे. पानले बारविक, मिर्तो कलुप्त्सिदी आणि नाहिम बिन झहूर यांनी हिशेब मांडला, तेव्हा वाढलेला वाटा बराचसा जपान आणि कोरियाकडून खेचलेला निघाला, आणि देशी कारखान्यांच्या नफ्यात जी भर पडली ती ओतलेल्या अनुदानाच्या जेमतेम १८ टक्के भरली. नवे कारखाने काढण्यासाठी दिलेले पैसे सर्वांत वाया गेले. वाटा सर्वांना दिसतो आणि परतावा शोधावा लागतो, म्हणून आपल्याकडे वाट्याचीच चर्चा होते.

'लोकशाहीत हे जमणार नाही' या वाक्यापाशी मी थांबतो, कारण हेच आपल्या शेजारच्या राज्यात जमलेले आहे. गुजरातमध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे १९९६ पासून मोठ्या प्रदूषक कारखान्यांचे बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून पर्यावरण परीक्षण होते. पण परीक्षक कारखानाच निवडत असे आणि पैसेही तोच देत असे. एस्थर डुफ्लो, ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर प्रयोग केला: काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठी टाकून नेमून दिला, त्याचे मानधन एका सामाईक निधीतून दिले आणि त्याच्या मोजणीची अधूनमधून फेरतपासणी केली. जुन्या पद्धतीच्या परीक्षकांनी धुराड्यातल्या कणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने ७ टक्के दाखवले होते. फेरतपासणीत ते ५९ टक्के निघाले. नव्या पद्धतीत परीक्षक खरे लिहू लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. हे करायला एकपक्षीय राजवट लागली नाही, फक्त मानधनाच्या धनादेशावरची सही बदलावी लागली.

चीनच्या यशाला मी कमी लेखत नाही. बीजिंगच्या हवेतील 'पीएम २.५' ची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती, ती २०२४ मध्ये ३०.५ झाली, आणि ही उतरण वकिलातीच्या यंत्रानेही नोंदवली, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने पैशाच्या कारणावरून जगभरच्या वकिलातींचे हे आकडे प्रसिद्ध करणे थांबवले, त्यामुळे यापुढच्या वर्षांसाठी तो ताळा राहिलेला नाही.

माझी विनंती एवढीच आहे, की तो आलेख दुरुस्त करून पुन्हा छापावा. २०१३ च्या आधीची रेषा तुटक आणि नंतरची अखंड असावी, दोन्हींच्या मध्ये जागा मोकळी सोडावी, आणि आधीचे आकडे शहरांच्या स्वतःच्या कार्यालयांनी कळवलेले तर नंतरचे स्वयंचलित यंत्रांचे आहेत, ही ओळ खाली बारीक अक्षरात का होईना, द्यावी.

आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
सातारा